सरकारी दप्तरातले 'काळ'कर्ते

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे दक्षिण टोक गाठले की वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे गाव लागते. त्यापलीकडे तेरेखोलची खाडी आणि मग गोवा. रेडीच्या खाडीवर यशवंतगड उभा आहे. वडापिंपळाच्या मुळांनी त्याचे चिरे असे कवटाळले आहेत की, तटाला झाडांनी धरून ठेवले आहे की झाडेच तट फोडून बाहेर आली आहेत, हे सांगणे अवघड व्हावे. हा गड इंग्रजांच्या हाती गेला तो १८१९ मध्ये. म्हणजे दुसरा बाजीराव शरण गेल्यानंतर, पेशवाई बुडून गेल्यावर. ज्या लेखकाने पुढे १८०२ ते १८१८ या सोळा वर्षांतील मराठ्यांच्या लढायांचा इतिहास आपल्या आयुष्याच्या अखेरीस लिहून काढला, त्याच्या ग्रंथाच्या शेवटल्या पानानंतर रेडीचा हा गड पडला. त्या लेखकाचे नाव शिवराम महादेव परांजपे. महाराष्ट्र त्यांना 'काळ'कर्ते परांजपे म्हणून ओळखतो. निदान ओळखत असे.

परांजपे याच कोकणपट्टीचे, परंतु तिच्या दुसऱ्या टोकाचे. २७ जून १८६४ रोजी महाड येथे त्यांचा जन्म झाला. वडील तेथील नामांकित वकील. शिक्षण महाड, रत्नागिरी आणि नंतर पुणे असे झाले. पुण्यात ते ज्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले, ती शाळा विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी १८८० मध्ये काढलेली. १८८४ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली आणि पुढे संस्कृत विषयातच एम्. ए. झाले. पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात काही काळ त्यांनी संस्कृतचे अध्यापन केले. त्यांच्या चरित्रातील हा भाग पुष्कळदा दोन ओळींत उरकला जातो. वस्तुतः पुढचे सगळे त्यातूनच निघाले. अलंकारशास्त्राच्या वर्गात जो शिक्षक व्याजस्तुती म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना समजावून देतो, निंदा स्तुतीच्या वेषात कशी उभी करावी हे मम्मटाच्या आधाराने फोड करून दाखवितो, त्याच्या हाती एका विशिष्ट राजकीय क्षणी एक वर्तमानपत्र आले. संस्कृत काव्यशास्त्रातील एक अलंकार मराठी राजकारणाचे शस्त्र झाला तो असा.

तो क्षण कोणता, हेही पाहिले पाहिजे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता, रँडचा खून झाला होता, चापेकर बंधूंची धरपकड चालू होती आणि टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. १८९८ च्या प्रारंभी सरकारने राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक केले. सरकारविषयी अप्रीती म्हणजे काय, याची व्याख्या अशी ताणण्यात आली की बेइमानीपासून वैरभावापर्यंत मनातली कोणतीही भावना तिच्या कक्षेत यावी. मराठी संपादकांनी या वेळी दोनच गोष्टी करणे शक्य होते. एक तर गप्प बसणे, नाही तर सरकारी कृत्यांवर अर्ज-विनंतीच्या भाषेत अभिप्राय देणे. अशा हवेत २५ मार्च १८९८ रोजी, शुक्रवारी, 'काळ' साप्ताहिकाचा पहिला अंक पुण्यात निघाला. 'केसरी' मंगळवारचा, 'काळ' शुक्रवारचा. आठवड्याच्या दोन टोकांना ही दोन पत्रे उभी राहिली, आणि त्यांच्या स्वभावातील अंतरही तेवढेच होते. 'केसरी' युक्तिवाद करी, पुरावा मांडी, कायद्याची कलमे उलगडून दाखवी. 'काळ' यांपैकी फारसे काही करीत नसे. तो गोष्ट सांगे, दाखला देई, एखाद्या पौराणिक पात्राच्या तोंडी चार वाक्ये घाली आणि शेवटी सरकारचे आभार मानी.

हे आभार मोठे जहरी असत. परांजप्यांच्या लेखणीची तऱ्हा अशी की, ती इंग्रजी राज्याच्या उपकारांची यादी करू लागे आणि ती यादी जसजशी लांबे तसतसा वाचकाचा चेहरा लाल होऊ लागे. रेल्वे, तारयंत्र, शांतता, सुव्यवस्था, कायद्याचे राज्य हे सारे मान्य करीत करीत लेखक अशा ठिकाणी आणून सोडी, की गुलामाच्या बेडीला चांगली झिलई दिल्याबद्दल लोहाराचे अभिनंदन कसे करावे, एवढाच प्रश्न शिल्लक राही. इटलीचे स्वातंत्र्ययुद्ध, आयर्लंडची झुंज, अमेरिकन वसाहतींचा उठाव यांवर तो लिही. हिंदुस्थानचे नावही त्यात येत नसे, आणि तरीही महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतला वाचक प्रत्येक वाक्य आपल्याकडे वळवून घेई. परांजप्यांनी चित्रे काढली नाहीत, परंतु व्यंगचित्रकार जे करतो तेच त्यांनी गद्यात केले. व्यंगचित्रकार एखाद्याचे नाक लांब करतो, बाकीचा चेहरा जसाच्या तसा ठेवतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की हा मनुष्य मुळातच असा आहे. परांजपे सरकारच्याच भाषेतील एखादा शब्द उचलीत, तो थोडासा ताणीत आणि बाकीचे सरकारचेच ठेवीत.

व्यंगचित्रे त्या वेळी मराठीला अपरिचित होती असे मुळीच नाही. लंडनचे 'पंच' १८४१ मध्ये सुरू झाले आणि त्याची पिलावळ हिंदुस्थानभर पसरली. मुंबईत 'पारसी पंच' १८५४ पासून निघू लागले. लखनौचे उर्दू 'अवध पंच' १८७७ चे. ठाण्याहून मराठीत 'हिंदु पंच' निघत असे. नावाच्या साधर्म्यामुळे या 'हिंदु पंच'ची आणि मुंबईच्या 'हिंदी पंच'ची पुष्कळदा गल्लत केली जाते, पण दोन्ही पत्रे वेगळी, मालक वेगळे, राजकारणही वेगळे. 'हिंदु पंच' जहालांचा पक्षपाती होता आणि त्याचे हत्यार पुष्कळदा सरकारपेक्षा मवाळांवर अधिक चाले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच्यावर बेअब्रूची फिर्याद केली, ती जिंकली, आणि ते पत्र बुडाले. मराठी राजकीय उपहासाच्या इतिहासातील हा धडा नजरेआड करण्यासारखा नाही. उपहासाची लेखणी सरकारविरुद्ध उगारलेली असली म्हणजे ती न्यायाचीच असते असे नाही. घरच्या माणसावर ती खोटीही चालते. या बाबतीत परांजपे अधिक सावध होते. मवाळांना त्यांनी चिमटे काढले नाहीत असे नव्हे, परंतु त्यांच्या उपहासाचे मुख्य लक्ष्य सत्ता हेच राहिले.

उपहासाला ढाल समजणाऱ्यांची समजूत १९०६ मध्येच उतरली होती. पुण्याच्या 'भाला' पत्राने नरकातील एका दरबाराचे वर्णन छापले. त्यात ना व्हाइसरॉयचे नाव होते, ना बादशहाचे. तरीही संपादक भास्कर बळवंत भोपटकर यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला आणि शिक्षा झाली. रूपक कोणाला लागू आहे हे वाचकाला समजत असेल तर ते न्यायालयालाही समजते, असा त्याचा सरळ अर्थ होता. तो खटला कायद्याच्या अहवालग्रंथांत छापलेला आहे, आणि गमतीची गोष्ट अशी की, त्या लेखाची आठवण आज जी काही शिल्लक आहे ती मुख्यतः त्या अहवालामुळे. खुद्द 'भाला'चा तो अंक हाती घेऊन पाहिलेले किती जण सापडतील?

येथे 'काळ'च्या कथेतील एका अदृश्य पात्राची ओळख करून दिली पाहिजे. मुंबई सरकारकडे देशी वृत्तपत्रांचा अहवाल तयार करणारे एक खाते होते. मराठी, गुजराथी, कानडी, सिंधी, उर्दू अशा भाषांतील पत्रे दर आठवड्याला वाचायची, त्यांतील आक्षेपार्ह वा लक्षणीय मजकुराचा इंग्रजीत सारांश करायचा, आणि तो गोपनीय म्हणून छापून वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवायचा, हे त्याचे काम. भाषांतरकार बहुधा एतद्देशीयच असत. 'काळ'चा सर्वांत चिकाटीचा, एकही अंक न चुकविणारा, वर्गणी थकल्याची सबब न सांगणारा वाचक कोण, तर हे सरकारी खाते.

या वाचकाची अडचण मोठी होती. व्याजस्तुतीचे भाषांतर कसे करावे? परांजप्यांनी सरकारची स्तुती केली असेल तर शब्दशः भाषांतरात ती स्तुतीच दिसणार, आणि सचिवालयातला साहेब म्हणणार की हा संपादक तर भलताच राजनिष्ठ आहे. भाषांतरकाराने आतला अर्थ उघड करून लिहिला तर तो अर्थ परांजप्यांच्या शब्दांचा राहत नाही, भाषांतरकाराचा होतो. मराठी वाचकाला ओठांतल्या ओठांत हसू आणणारे वाक्य इंग्रजीत उतरले की एक तर पाणचट होई, नाही तर उघडे बंड. मधली जागा, जिथे परांजप्यांची सारी कला राहत होती, ती भाषांतरात शिल्लकच राहू शकत नव्हती. 'काळ' दहा वर्षे तगला याचे श्रेय संपादकाच्या धूर्तपणाला जितके, तितकेच या भाषांतराच्या अडचणीलाही दिले पाहिजे. लेखाचा रोख सर्वांना ठाऊक असूनही तो कलमात बसविणे जड जाई.

या दहा वर्षांत 'काळ'ने महाराष्ट्राच्या तरुण मनावर जे केले, त्याचे मोजमाप करणे कठीण आहे. नाशिकच्या मित्रमेळ्यातील मुले तो वाचीत. विनायक दामोदर सावरकरांवर त्या लेखांचा संस्कार झाला आणि १९०६ मध्ये ते लंडनला गेले तेव्हा पंडित श्यामजी कृष्णवर्म्यांच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांची शिफारस करणाऱ्यांत टिळकांबरोबर परांजपेही होते. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, त्या प्रसंगी टिळकांसमवेत परांजप्यांचेही भाषण झाले. वक्ता म्हणून त्यांची कीर्ती लेखकाइतकीच होती. किंबहुना ज्यांनी त्यांना ऐकले त्यांना लेखक परांजपे काहीसे फिके वाटत. त्या वाणीचा मात्र आज एकही अवशेष नाही. भाषणाचे टिपण करणारा गुप्त पोलिसही आवाजातली खोच टिपू शकत नाही.

त्यांच्या लेखनातील एक उणीवही येथेच नोंदविणे योग्य होईल. परक्या सत्तेवर चालणारी ही तीक्ष्ण लेखणी स्वसमाजाकडे वळली की तिची धार कमी होई. आगरकरांनी जी कठोरता आपल्याच माणसांशी दाखविली ती परांजप्यांना जमली नाही, आणि बहुधा रुचलीही नसती. गतवैभवाची आठवण हे त्यांचे मोठे भांडवल होते. त्या वैभवाच्या काळात कोणाच्या वाट्याला काय आले होते, हा प्रश्न 'काळ'च्या पानांत फारसा उमटत नाही. ज्या महाडात ते जन्मले त्याच महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला. गुलामगिरी हा शब्द किती जणांना, किती प्रकारांनी लागू पडतो, हे त्या तळ्याच्या काठी महाराष्ट्राला दिसले. परांजपे त्या वेळी हयात होते. उपहासकाराची दृष्टी ज्या दिशेला वळलेली असते त्या दिशेला ती फार दूरचे पाहते, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूर येथे बाँब फुटला. खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफोर्ड यांच्यासाठी टाकलेल्या त्या बाँबने दोन निरपराध इंग्रज स्त्रियांचा बळी घेतला. साऱ्या देशातील वृत्तपत्रांनी यावर लिहिले. मे महिन्यात 'काळ'नेही लिहिले. या वेळी मात्र वक्रोक्तीचा पडदा नेहमीपेक्षा पातळ होता. दहा वर्षे आडून बोललेला मनुष्य जणू आडून बोलण्याला कंटाळला होता, किंवा आता आडून बोलण्यात काही अर्थ उरला नाही असे त्याला वाटले असावे. भाषांतरकाराला या वेळी काही अडचण आली नाही. सरळ वाक्याचे सरळ भाषांतर झाले, जूनमध्ये परांजप्यांना पकडण्यात आले आणि खटला मुंबईच्या हायकोर्टात उभा राहिला.

टिळक त्या खटल्याच्या कामासाठी मुंबईला आले होते. सरदारगृहात त्यांचा मुक्काम होता. तेथेच २४ जून १९०८ रोजी त्यांनाही अटक झाली. पुढची हकीकत महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही पाठ आहे: २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा, मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप, मंडाले. या झगझगाटात परांजप्यांचा खटला काळोखात गेला. टिळकांच्या खटल्यापूर्वी, त्याच जुलै महिन्यात त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली होती. टिळकचरित्रात परांजप्यांचा खटला हा टिळक मुंबईला का गेले याचे कारण म्हणून येतो. परांजप्यांच्या चरित्रात मात्र तो त्यांच्या जीवनाचा कणा मोडणारा प्रसंग आहे. इतिहासात शेजारी कोण उभे होते यावर माणसाची उंची कधी कधी कमी दिसते.

शिक्षा भोगून परांजपे परत आले तेव्हा दोन नवे कायदे त्यांची वाट पाहत होते. १९०८ च्या जूनमध्ये गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्या पत्रांचे छापखाने जप्त करण्याचा कायदा झाला होता, आणि १९१० च्या फेब्रुवारीत सर्वव्यापी मुद्रण कायदा आला. या दुसऱ्या कायद्याने सरकारला खटल्याचीही गरज ठेवली नाही. जामीन मागायचा, तो भरता आला नाही तर पत्र आपोआप बंद. 'काळ'कडे जामीन मागण्यात आला. तो भरण्याची ऐपत नव्हती. 'काळ' १९१० मध्ये बंद पडला. एवढ्यावर सरकारचे समाधान झाले नाही. 'काळा'तील निबंधांचे जे संग्रह पुस्तकरूपाने निघाले होते तेही सरकारजमा ठरविण्यात आले. म्हणजे ज्या लेखांसाठी शिक्षा झाली नव्हती, जे दहा वर्षे बाजारात उघडपणे वाचले गेले होते, तेही आता घरात ठेवणे धोक्याचे झाले. किती प्रती जाळल्या गेल्या, किती आडात टाकल्या गेल्या आणि किती माळ्यावरच्या जुन्या पंचांगांखाली लपल्या, याचा हिशेब कोण ठेवणार? पोलिसांच्या झडतीच्या भीतीने पुस्तक नाहीसे करणारा मनुष्य पावती मागत नाही.

आणि येथेच या कथेतील मोठा विपर्यास आहे. ज्या सरकारने हे लेखन नाहीसे करण्याचा चंग बांधला, त्याच सरकारच्या दप्तराने ते सर्वांत नीटपणे सांभाळले. देशी पत्रांचे ते साप्ताहिक गोपनीय अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. चांगल्या कागदावर छापलेले, बांधलेले, पृष्ठांक टाकलेले. हिंदुस्थान सरकारने बंदी घातलेल्या प्रकाशनांचा एक मोठा संग्रह लंडनला जमला. त्याची सूची १९८५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १९१८ मध्ये रौलट समितीने राजद्रोहाचा इतिहास सांगणारा अहवाल दिला, त्यात 'काळ'ला आणि त्याच्या संपादकाला स्थान आहे. आरोपपत्र हेच जणू स्मारक झाले. रौलट समितीने महाराष्ट्राच्या जहाल वृत्तपत्रांचा जो परिचय जगाला करून दिला, तसा परिचय त्या काळी दुसऱ्या कोणी इंग्रजीत करून दिला असता की नाही याची शंकाच आहे.

या ठेव्यात एकच दोष आहे, आणि तो दोष मुळावर येणारा आहे. हे परांजपे इंग्रजी बोलतात. त्यांची वक्रोक्ती गेलेली आहे, हेल गेलेला आहे, संस्कृत समासांच्या पायऱ्यांवरून हळूहळू चढत जाऊन शेवटच्या क्रियापदाशी वाचकाला खाली लोटणारे वाक्य गेलेले आहे. उरला आहे तो एक चिडका राजद्रोही. कारकुनाने ज्या हेतूने त्याला टिपला, त्या हेतूपुरताच तो तिथे आहे. जो अभ्यासक केवळ त्या दप्तरावर विसंबेल त्याला 'काळ'मध्ये हसण्यासारखे काय होते हे कधीच समजणार नाही. आणि ते समजले नाही तर तो एवढा वाचला का जात होता, हेही समजणार नाही.

व्यंगचित्राचे या बाबतीत बरे असते. त्याला भाषांतरकार लागत नाही. खाली लिहिलेल्या ओळी कळल्या नाहीत तरी फुगलेला साहेब आणि वाळलेला शेतकरी कोणालाही ओळखता येतो. पण म्हणूनच त्याच्यावर संकटही लवकर येते. २०१२ साली मुंबईत एका व्यंगचित्रकाराला राष्ट्रीय प्रतीकांच्या व्यंगचित्रांवरून अटक झाली, ती परांजप्यांवर लावलेल्या त्याच १२४-अ कलमाखाली. आरोप मागे घेतला गेला, आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे कलम लावण्यापूर्वी पोलिसांनी काय पाहावे याचे दंडक घालून दिले. हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरील टीका राजद्रोह ठरत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितले होते. २०२२ च्या मे महिन्यात त्या न्यायालयाने १२४-अ चा वापर स्थगित ठेवण्यास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. नव्या न्यायसंहितेत राजद्रोह हा शब्द नाही. १५२ वे कलम मात्र आहे, आणि ते कोठवर ताणता येते याची चर्चा विधिज्ञांत चालू आहे. परांजप्यांनी या शब्दबदलावर काय लिहिले असते, याची कल्पना करण्यास 'काळ'च्या वाचकाला फारसे कष्ट पडू नयेत.

पत्र गेल्यावरची दहा वर्षे परांजप्यांनी साहित्यात घालविली. नाटके त्यांनी पूर्वीच लिहिली होती. शेक्सपिअरचा मॅकबेथ मराठी वेषात 'मानाजीराव' म्हणून त्यांनीच आणला. निबंध, कथा, टीकालेखन, संस्कृत काव्यशास्त्र असा उद्योग चालू राहिला. परंतु ज्याच्या लेखणीला दर शुक्रवारी एक शत्रू समोर लागत होता, त्याला आता केवळ वाचक समोर होता, आणि त्याचा फरक पडला. या काळातील त्यांचे गद्य सुंदर आहे. भय वाटावे असे ते नाही. १९२० मध्ये त्यांनी 'स्वराज्य' साप्ताहिक काढले. टिळकांचे पुष्कळ अनुयायी गांधींकडे संशयाने पाहत होते, त्या वेळी हा जुना जहाल, बाँबच्या लेखासाठी तुरुंगात गेलेला, असहकाराच्या बाजूला उभा राहिला. याचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला. सर्वांत साधा अर्थ हा की, प्रत्यक्ष काही करणारा जो पक्ष असेल तो त्यांचा पक्ष. सेनापती बापटांनी मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभारला, तेव्हा परांजपे त्यात सामील झाले आणि १९२२ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले. वय अठ्ठावन्न. पहिल्या वेळी परकी सत्ता समोर होती. या वेळी तिच्या जोडीला स्वदेशी भांडवलही होते. स्वदेशीची होळी पेटविणाऱ्यांपैकी एकाने स्वदेशी कारखानदाराच्या धरणासमोर शेतकऱ्याची बाजू घ्यावी, हा त्यांच्या आयुष्यातील फारसा न सांगितला गेलेला, पण फार मोलाचा भाग आहे.

१९२८ मध्ये मराठ्यांच्या लढायांचा तो इतिहास प्रसिद्ध झाला. १९२९ मध्ये बेळगाव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्या मे महिन्यात रेडीच्या शेजारच्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला आणि यशवंतगडाच्या परिसरातील मिठागरांवर लाठ्या चालल्या. तो पाहण्यास ते नव्हते. त्यांची पुस्तके तर तेव्हाही बंदीतच होती.

ती बंदी उठली १९३७ मध्ये, प्रांतिक स्वायत्तता आल्यावर. म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि पत्र बंद पडल्यावर सत्तावीस वर्षांनी. 'काळा'तील निवडक निबंध पुन्हा छापले गेले, अभ्यासक्रमात काही लेख शिरले, आणि शिक्षक ते वर्गात शिकवू लागले. सत्तावीस वर्षे म्हणजे एक पिढी. ज्या मुलाने १९०८ मध्ये 'काळ' चोरून वाचला तो १९३७ मध्ये प्रौढ गृहस्थ झालेला होता. त्याच्या मुलाने तो वाचलाच नव्हता. उपहासाचे लेखन या खंडाने विशेष मरते. कारण त्याचा अर्धा अर्थ वाचकाच्या मनात असतो. कोणत्या गव्हर्नरच्या कोणत्या भाषणातील कोणता शब्द परांजप्यांनी उचलला आहे हे त्या आठवड्यातल्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही. टिपा नसलेला निवडक संग्रह त्याला थोडासा अलंकारिक, थोडासा लांबलचक वाटतो आणि परीक्षेपुरता वाचून तो बाजूला ठेवतो. चूक विद्यार्थ्याची नाही.

निवडीतही पुष्कळ गळते. अग्रलेख निवडला जातो. त्याच्या शेजारचे स्फुट, वाचकाचे पत्र, औषधाची जाहिरात, प्लेगच्या मृत्यूंचा आकडा, हे सारे जाते. उपहासाला धार येते ती या शेजारामुळे. प्लेगच्या आकड्याला लागून छापलेली सरकारी आरोग्यव्यवस्थेची स्तुती निराळी, आणि पुस्तकात एकटी पडलेली स्तुती निराळी. त्यासाठी पत्राचे मूळ अंक हवेत, ओळीने हवेत. महाराष्ट्रात जुनी ग्रंथालये थोडी नाहीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय तर 'काळ'च्याच वर्षी, १८९८ मध्ये निघालेले. या संस्थांनी वर्गणीदारांच्या चार-आठ आण्यांवर जे जमविले त्याला तोड नाही. परंतु त्या काळचा वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असते, कोकणातल्या दमट हवेत तो लवकर तांबूस पडतो, घडीवर तुटतो आणि शेवटी बोटाला भुकटी लागते. तालुक्याच्या वाचनालयाला मिळणाऱ्या शासकीय अनुदानात वर्तमानपत्रांची वर्गणी आणि ग्रंथपालाचे मानधन भागले तरी पुष्कळ. आम्ल काढणे, सूक्ष्मपट घेणे, संगणकावर प्रतिमा उतरविणे ही कामे त्या पैशांत होत नाहीत. लंडनचा गोपनीय अहवाल मात्र ठरावीक तापमानाच्या खोलीत शाबूत असतो.

दैनिकांच्या व्यंगचित्रांचीही पुढे हीच गत आहे. शंकरराव किर्लोस्करांची, दीनानाथ दलालांची राजकीय चित्रे ज्या मासिकांत आणि साप्ताहिकांत आली, त्यांचे अंक रद्दीच्या भावाने गेले आहेत, आणि मूळ रेखाटने ब्लॉक करून झाल्यावर छापखान्यातच राहिली. पुस्तकांना निदान दात्याचे नाव असते. अंकांचे गठ्ठे घर बदलताना प्रथम बाहेर पडतात.

जुन्या घरांच्या माळ्यांवर 'काळ'चे सुटे अंक अद्याप निघण्याचा संभव आहे. विशेषतः कोकणात, जिथली घरे बंद असतात आणि माळे कोणी उपसलेले नसतात. असा अंक सापडला तर तो पुसू नये, चिकटपट्टी लावू नये, घडी उलगडण्याची घाई करू नये, आणि तो जिल्ह्याच्या ग्रंथालयात अथवा मुंबईच्या पुराभिलेखागारात दाखवावा. मे १९०८ मधले जे उतारे सरकारने खटल्यासाठी निवडले ते इंग्रजीत आज कोणालाही पाहता येतात. ते ज्या पानावर मराठीत छापले गेले, त्या पानावर शेजारी आणखी काय होते, हे पाहण्यासाठी तो अंक लागेल.